तासांचा हिशेब झाला, माराचा हिशेब कोण करणार?

शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, कापसाचा भाव हातात येईपर्यंत अर्धा होतो, गावकुसाबाहेरच्या वस्तीला अजून धड रस्ता नाही. आणि आंबेडकरी चळवळीतली माणसे स्पायडर-मॅनच्या व्हिडिओ गेमवर लेख लिहितात! हे श्रीमंतांच्या पोरांचे चोचले आहेत, त्याच्याशी आपला काय संबंध? हा आक्षेप येणार हे धरूनच आम्ही लिहायला बसलो आहोत.

आमचे उत्तर सरळ आहे. चळवळीने कीर्तनाची चिकित्सा केली, पाठ्यपुस्तकाची केली, सिनेमाची आणि टीव्हीवरच्या पौराणिक मालिकांची केली. माणसाचे मन जिथे घडते तिथे चिकित्सा पोहोचली पाहिजे, हा आपला शिरस्ता आहे. आज जळगाव-धुळ्यातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचे मन कुठे घडते? मोबाइलच्या पडद्यावर. त्या पडद्यावर तो जेवढ्या गोष्टी पाहतो, त्यांत नायक कोण, खलनायक कोण आणि मार कोणी खायचा हे आधीच ठरलेले असते. ते कोणी ठरवले, हे विचारणे चोचला नाही. ते आपले जुनेच काम आहे.

खेळ आणि त्याच्या जोडकथा

ज्यांना हे जग परके आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इन्सोम्नियाक गेम्स या अमेरिकी कंपनीने बनवलेला आणि सोनीने बाजारात आणलेला 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' हा खेळ 7 सप्टेंबर 2018 रोजी प्लेस्टेशन 4 वर आला. खेळणारा स्वतः स्पायडर-मॅन होतो, न्यूयॉर्कच्या इमारतींवरून झोके घेतो, गुंडांना बदडतो आणि जाळ्यात गुंडाळून भिंतीला चिकटवतो. खेळ प्रचंड खपला. मग कंपनीने त्याला पुढची कथा जोडली. अशा जोडकथेला गेमच्या दुनियेत डीएलसी म्हणतात, म्हणजे वेगळे पैसे भरून इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा भाग. 'द सिटी दॅट नेव्हर स्लीप्स' या नावाखाली तीन भाग आले. 'द हाइस्ट' ऑक्टोबर 2018 मध्ये, 'टर्फ वॉर्स' नोव्हेंबरमध्ये आणि 'सिल्व्हर लायनिंग' डिसेंबरमध्ये.

पहिल्या भागात फेलिशिया हार्डी ऊर्फ ब्लॅक कॅट ही चोर परत येते. दुसऱ्या भागात हॅमरहेड नावाचा माफिया पळवलेल्या शस्त्रसामग्रीच्या जोरावर शहर ताब्यात घेऊ पाहतो. तिसऱ्या भागात सिल्व्हर सेबल आपली चोरीला गेलेली सामग्री परत न्यायला येते. ही सेबल कोण? मूळ खेळात शहरावर बंदुका रोखून बसलेल्या भाडोत्री फौजेची मालकीण. जोडकथेत ती स्पायडर-मॅनच्या खांद्याला खांदा लावून लढते.

समीक्षकांनी काय मोजले

या तीन भागांवर इंग्रजीत भरपूर समीक्षा आली. तिचा सूर साधारण सारखाच होता. ब्लॅक कॅट आणि स्पायडर-मॅन यांच्यातले संवाद आवडले, झोके घेण्याची आणि मारामारीची मजा कायम आहे, असे कौतुक झाले. तक्रारी होत्या त्या अशा: नवीन काही नाही, तीच ती कामे पुन्हा करावी लागतात, प्रत्येक भाग थोड्या तासांत संपतो आणि गोष्ट अर्ध्यावर तुटते. मधला 'टर्फ वॉर्स' तर अनेकांना सर्वांत कमकुवत वाटला. स्क्रूबॉल नावाच्या पात्राची आव्हाने कंटाळवाणी आहेत, असेही पुष्कळांनी लिहिले.

या तक्रारी खोट्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. पैसे भरणाऱ्याला किती तासांचा खेळ मिळतो हे विचारणे रास्तच आहे. प्रश्न असा की एवढेच विचारून समीक्षा संपते का? दुकानदार मालाचा तागा मोजतो तशी ही समीक्षा होती: लांबी किती, रुंदी किती, पोत कसा, दाम किती. त्या कापडाचा अंगरखा कोणाला चढवला आणि फास कोणाच्या गळ्याला लावला, हे विचारणारे आवाज फार थोडे होते. मूळ खेळ आला तेव्हा काही मोजक्या अमेरिकी लेखकांनी पोलिसांचा मुद्दा काढला होता. जोडकथांची वेळ आली तोवर बहुतेक समीक्षा पुन्हा तासांच्या हिशेबावर येऊन बसली.

दामाचाच हिशेब करायचा तर तो आपल्याकडूनही करून पाहू. तिन्ही भागांची मिळून किंमत होती 25 डॉलर. त्या वेळच्या डॉलरच्या दराने सुमारे अठराशे रुपये. 2018-19 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला 203 रुपये. म्हणजे पारोळ्याच्या किंवा साक्रीच्या मजुराची नऊ दिवसांची कमाई, तीही मूळ खेळ आणि हजारो रुपयांचे यंत्र आधी घरात असेल तर. हा माल आपल्या वस्तीतल्या पोरांसाठी बनलेलाच नव्हता.

तरीही तो त्यांच्यापर्यंत पोहोचला. कसा? यूट्यूबवरून. कोणीतरी हिंदीत बडबड करत अख्खा खेळ खेळतो, त्याचे भाग चढवतो आणि आपली पोरे ते भाग मालिकेसारखे पाहतात. त्यांच्या दृष्टीने किती तास, किती दाम, बटणे नीट चालतात का, या सगळ्याला अर्थच उरत नाही. त्यांच्या हाती येते ती फक्त कथा. जी गोष्ट समीक्षकांनी सर्वांत कमी तपासली, तीच आपल्या पोरांना सर्वांत जास्त मिळते. म्हणून ती तपासण्याचे काम आपल्यावर येऊन पडते.

मार खाणारा कोण?

खेळाची रचना पाहा. शहरभर पाळत ठेवणारे मनोरे आहेत. ते नादुरुस्त आहेत आणि स्पायडर-मॅनने ते दुरुस्त करायचे. मनोरा सुरू झाला की नकाशा उजळतो आणि गुन्हा कुठे घडतो आहे याची खूण उमटते. तिथे जायचे आणि बदडायचे. बदडल्यावर पुढे काय? या रस्त्यावरच्या गुंडाला नाव नाही. त्याचा खटला दिसत नाही, वकील दिसत नाही, जामीन दिसत नाही. तो गुन्हेगार आहे हे नकाशाने ठरवले, विषय संपला.

मूळ खेळात तुरुंग फुटतो आणि कैदी शहरात पसरतात. कैद्याच्या कपड्यातला जो दिसेल तो शत्रू. आता खऱ्या न्यूयॉर्ककडे या. तिथल्या रायकर्स बेटावरच्या तुरुंगात बहुसंख्य माणसे अशी असतात, ज्यांचा खटलाच अजून चाललेला नसतो. कलीफ ब्राउडर हा काळा मुलगा 2010 मध्ये सोळा वर्षांचा असताना बॅग चोरल्याच्या आरोपावरून तिथे गेला आणि खटल्याविना सुमारे तीन वर्षे अडकून राहिला. त्यातला मोठा काळ एकट्याच्या कोठडीत गेला. आरोप मागे घेतले गेले, तो सुटला आणि 2015 मध्ये त्याने आत्महत्या केली. खेळातल्या तुरुंगात असा एकही कलीफ नाही.

आणि आपल्याकडे? भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत. त्यांत दलित, आदिवासी आणि मुस्लिम यांचे प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त आहे. ज्या घरातला बाप किंवा भाऊ तारखांवर तारखा झेलतो आहे, त्या घरातला पोरगा यूट्यूबवर पाहतो की कैद्याचे कपडे दिसले की ठोकायचे. त्याने स्वतःला कोणाच्या जागी ठेवायचे?

खूण उमटवून माणसाला गुन्हेगार ठरवण्याची ही पद्धत आपल्याला नवी नाही. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पारध्याच्या पोटी जन्मलेले पोर पाळण्यातच संशयित झाले. 1952 मध्ये कायदा गेला, 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन झाला, पण खूण पुसली गेली का? आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणत्या पालाकडे वळते, हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या 1948 च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिम जमाती आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती या तिघांचा प्रश्न एकत्र मांडला आणि ज्या संस्कृतीने ही माणसे अशी ठेवली तिलाच जाब विचारला. गेमच्या नकाशावरची लाल खूण पाहताना आपल्याला हा इतिहास आठवला पाहिजे.

खाज्या नाईकांचे उदाहरण तर इथल्याच मातीतले. सेंधव्याच्या घाटाची रखवाली करणारा इंग्रजांच्या चाकरीतला माणूस 1857 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला. इंग्रजी कागदांत तो लुटारू आहे, सातपुड्याच्या आठवणीत तो क्रांतिकारक आहे. माणूस एकच. नकाशा ज्याच्या हातात, खूण त्याची.

2018 चे खान्देश

हा खेळ आणि त्याच्या जोडकथा ज्या वर्षी आल्या, त्या वर्षी खान्देशात काय घडले होते?

जून 2018. जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यातले वाकडी गाव. मातंग समाजातली पोरे विहिरीत पोहली म्हणून त्यांना विवस्त्र करून मारले गेले. महाडच्या चवदार तळ्याला तेव्हा एक्क्याण्णव वर्षे झाली होती. मारण्यावर भागले नाही. त्याचे मोबाइलवर चित्रण झाले आणि ते फिरवले गेले.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा. बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअॅपवरून फिरत होती. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने पकडले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. याही मारहाणीची चित्रफीत देशभर फिरली. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

राईनपाडा आठवताना एक गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे. तो आदिवासी पाडा आहे. मारले गेलेले भटके होते. दोन्हीकडे तळातलीच माणसे. म्हणजे खूण मारण्याची सवय वरून खाली झिरपते आणि तळातला माणूस तळातल्याच माणसावर ती वापरतो. जमावातल्या प्रत्येकाला त्या क्षणी आपण पोरे वाचवणारे नायक आहोत असेच वाटत असणार. शहानिशा नाही, पंचनामा नाही, सुनावणी नाही. कोणीतरी बोट दाखवले आणि मार सुरू झाला.

गेममुळे राईनपाडा घडले असे कोणी म्हणत असेल तर तो मूर्खपणा आहे. खेळ नंतर आला, आणि त्या जमावाने स्पायडर-मॅनचे नावही ऐकले नसेल. आमचा मुद्दा वेगळा आहे. ज्या मुलखात जमावाने पाच निरपराध माणसे मारली, त्या मुलखातले प्रेक्षक ही कथा पाहणार असतील, तर कायदा हातात घेणाऱ्या नायकाची कथा इथे निव्वळ करमणूक म्हणून पाहता येत नाही.

ज्या स्क्रूबॉलला समीक्षक कंटाळले, ती कोण आहे माहीत आहे? आपल्या चाहत्यांना थेट प्रक्षेपण दाखवता यावे म्हणून गुन्हे घडवणारी बाई. लोक बघतात म्हणून ती करते आणि ती करते म्हणून लोक बघतात. न्यूयॉर्कच्या समीक्षकाला ती बिनकामाची भरती वाटली असेल. वाकडीची चित्रफीत पाहिलेल्या माणसाला मात्र ती या सगळ्या खेळातली सर्वांत खरी खलनायिका वाटेल. कॅमेऱ्यासाठी केलेला गुन्हा काय असतो हे आपण पाहिले आहे. कंपनीने त्या पात्राचा पोरखेळ केला ही खरी तक्रार होती, आणि ती करायला ज्यांनी असले काही भोगले आहे असा समीक्षक हवा होता.

युरी वातानाबेची गोष्ट

आता या जोडकथांच्या गाभ्याकडे येऊ. मूळ खेळात युरी वातानाबे ही पोलीस कॅप्टन स्पायडर-मॅनची जोडीदार आहे. तीच त्याला गुन्ह्यांची खबर देते. प्रामाणिक, नेकीची, नियमाने चालणारी. 'टर्फ वॉर्स'मध्ये हॅमरहेडच्या टोळीच्या हल्ल्यात तिची माणसे मरतात आणि ती सूडाच्या वाटेला लागते. 'सिल्व्हर लायनिंग'मध्ये कळते की तिने एका गुंडाचा खून केला आणि पोलीस खाते सोडले.

तीन भागांतली खरी गोष्ट हीच आहे. सगळ्या खेळाचा पाया असा की पोलीस चांगले, मनोरे चांगले, स्पायडर-मॅन त्यांचा मदतनीस आणि मार खाणारा वाईटच. युरीच्या रूपाने हा पाया पहिल्यांदा तडकतो. कायद्याची सर्वांत नेक माणूस कायद्याला फाट्यावर मारते. मग आजवर तिच्या सांगण्यावरून ज्यांना बदडले त्यांचे काय? ते सगळे खरेच गुन्हेगार होते का? स्पायडर-मॅन स्वतः कोणत्या कायद्याने मारतो? ती करते तो खून आणि तो करतो ते समाजकार्य, यांच्यातली रेष कोणी आखली?

हे प्रश्न दारात येऊन उभे राहिले आणि खेळाने दार लावून घेतले. युरीच्या शेवटाची ही गोष्ट मुख्य कथेत नाही. ती बाजूच्या कामगिरीत ठेवली आहे, जी खेळली नाही तरी चालते. मुख्य कथेत काय आहे? भाडोत्री फौजेच्या मालकिणीशी समेट. शहरातल्या लोकांवर बंदुका रोखणाऱ्या फौजेचा हिशेब कोणी मागितला नाही, तिची सामग्री तिला परत मिळाली, गोड शेवट झाला.

समीक्षेचे काम इथे होते. गोष्ट अर्ध्यावर तुटते, असे त्यांनी लिहिले ते बरोबर आहे, पण कुठे तुटते आणि का तुटते हे फारसे कोणी सांगितले नाही. ती नेमकी तिथे तुटते जिथे सत्तेला जाब विचारावा लागला असता. भाग छोटे आहेत हा दोष नव्हे. छोट्या गोष्टीतही मोठा प्रश्न मावतो. बाबुराव बागुलांच्या कथा किती पानांच्या आहेत?

"गेम आहे, सोडा ना!"

इथे दुसरा आक्षेप येतो. गेम आहे, मजा घ्या, प्रत्येक गोष्टीत जात आणि राजकारण कशाला आणता? हे वाक्य आपण पूर्वीही ऐकले आहे. 1963 मध्ये 'जेव्हा मी जात चोरली होती' आला, 1972 मध्ये 'गोलपिठा' आला, तेव्हा प्रस्थापित समीक्षेतल्या अनेकांनी रचना मोजली, भाषेची शुद्धता मोजली, कलात्मकता मोजली. अनुभव कोणाचा आहे आणि तो कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो, हे बाजूला ठेवले. म्हणून तर बागुलांना, शरणकुमार लिंबाळेंना आणि इतर कितीतरी जणांना नव्या मोजपट्टीसाठी भांडावे लागले. लिंबाळेंचा 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' हा ग्रंथ त्याच भांडणातून आला. साहित्याची कसोटी स्वातंत्र्य, समता, बंधुता यांच्याशी जोडता येते, हे आपल्या लोकांनी मराठीला शिकवले. ती कसोटी पुस्तकांपुरती का ठेवायची?

आणि मजेचे म्हणाल तर मजा आम्हालाही कळते. उंच इमारतीवरून झेप घेण्याची मजा कोणाला नको? चिकित्सा केली म्हणून मजा मरत नाही. उलट ज्याला गोष्टीतला डाव कळतो, त्याला ती गोष्ट जास्त कळते.

बदल होतो, केला तर

चिकित्सेने काय होणार, असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. नोव्हेंबर 2020 मध्ये याच कंपनीचा 'माइल्स मोरालेस' आला. नायक काळ्या बापाचा आणि पोर्तो रिकन आईचा मुलगा, वस्ती हार्लेमची. इथे त्याला मदतीच्या हाका पोहोचवणारे मुख्य साधन आहे त्याच्या मित्राने बनवलेले अॅप, ज्यावर शेजारपाजारचे लोकच आपली अडचण कळवतात. खलनायकांत एक बडी कंपनी आहे, जी आपल्या ऊर्जा प्रकल्पासाठी वस्ती धोक्यात घालते. शहरात 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर'चे भित्तिचित्रही आहे. त्याच वर्षी मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला होता आणि अमेरिका रस्त्यावर होती. मनोऱ्याकडून शेजाऱ्याकडे झालेला हा प्रवास छोटा नाही. रस्त्यावर चळवळ होती, आधीच्या खेळावर बोट ठेवणारे थोडे का होईना लेखक होते. अशा हवेत कथा बदलतात.

पूर्ण बदलतात असेही नाही. ऑक्टोबर 2023 च्या 'स्पायडर-मॅन 2'मध्ये युरी परत आली ती 'रेथ' नावाची मुखवटाधारी म्हणून. खून करून पोलीस खाते सोडणारी बाई मुखवटा चढवून पुन्हा लढायला मोकळी झाली, आणि तिची गोष्ट पुन्हा बाजूच्याच कामगिरीत राहिली. खटला अजून चाललेला नाही!

आपल्या शेजारी तर याहून चांगले उदाहरण आहे. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने तास-दीड तासावर मालेगाव. तिथे नासिर शेख यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' बनवला. तो बनतानाची धडपड फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या 2008 च्या माहितीपटात आहे. नायक शफीक हा यंत्रमाग कामगार, अंगाने काटकुळा. त्याचा सुपरमॅन ज्या गावात उडतो तिथल्या घाणीने आणि धुळीने माणसांचे श्वास कोंडतात, आणि तंबाखू-गुटखा हा तिथला शत्रू आहे. शफीक स्वतः पुढे कर्करोगाने गेला. पैसा नव्हता, यंत्रे नव्हती, पण शत्रू कोण हे त्या माणसांना अचूक कळले होते. कोट्यवधी डॉलरच्या कंपनीला जे जमले नाही ते मालेगावच्या मागवाल्यांना जमले, कारण त्यांनी शत्रू आपल्या गल्लीत शोधला आणि तो एखादा बिननावाचा गरीब निघाला नाही.

नायक की नागरिक?

बाबासाहेबांनी 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात रानड्यांवर व्याख्यान दिले तेव्हा विभूतिपूजेवर कठोर टीका केली. 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीपासून सावध केले आणि सनदशीर मार्ग सोडू नका असे बजावले. अत्याचार सोसणाऱ्या समाजाच्या नेत्याने हे सांगितले, यातला अर्थ मोठा आहे. कायदा हातात घेण्याची सर्वांत जास्त कारणे ज्यांच्याकडे होती, त्यांना बाबासाहेब कायद्याची वाट दाखवत होते. कारण कायदा कोसळला की आधी कोण चिरडले जाते हे त्यांना ठाऊक होते. राईनपाड्याने ते पुन्हा दाखवून दिले.

धुळेकरांना तर हे आठवायला दूर जायला नको. 31 जुलै 1937 रोजी बाबासाहेब धुळ्याला आले ते एका खटल्याच्या कामासाठी, वकील म्हणून. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर ते मुक्कामाला होते आणि दर वर्षी 31 जुलैला तिथे हजारोंचा मेळा भरतो. आपण ज्याची आठवण जागवतो तो माणूस आकाशातून झेप घेऊन आला नव्हता. तो कागदपत्रे घेऊन कोर्टात उभा राहिला होता. आरोपीला नाव असते, बाजू असते आणि ती मांडायला माणूस लागतो, हे त्याने दाखवले. स्पायडर-मॅनच्या शहरात नेमका हाच माणूस नाही.

म्हणून आमचे आवाहन खान्देशातल्या तरुणांना आहे. गेम पाहू नका, खेळू नका असे आम्ही सांगणार नाही, आणि सांगितले तरी तुम्ही ऐकणार नाही! पाहा, खेळा, पण त्यावर लिहा. मराठीत लिहा, अहिराणीत बोला. जळगावच्या, भुसावळच्या, धुळ्याच्या, शिरपूरच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची पोरे रात्री थकून यूट्यूब लावतात. तिथेच एखाद्या रविवारी एक भाग सगळ्यांनी मिळून पाहा आणि मग एकमेकांना विचारा: या गोष्टीत नाव कोणाला आहे आणि कोणाला नाही? मार खाणाऱ्याचे म्हणणे कोणी ऐकले का? नकाशावर खूण कोणी उमटवली? नायकाला जाब कोण विचारतो? बुद्ध विहारांतही हे करता येईल. अंगुलिमालाची गोष्ट आपण तिथे सांगतोच. शेकडोंचा जीव घेणाऱ्यालाही बुद्धाने भिंतीला चिकटवले नाही, त्याला थांबवले आणि माणूस म्हणून उभे केले. तीही मोठ्या ताकदीचीच कथा आहे.

ज्यांना संगणक येतो त्यांनी एक पाऊल पुढे जावे. अभियांत्रिकीला गेलेली आपली पोरे-पोरी आता गेम बनवण्याचे शिक्षण घेत आहेत. त्यांनी वाकडीच्या विहिरीची गोष्ट करावी, राईनपाड्याच्या त्या खोलीची करावी, ज्यात खेळणाऱ्याचे काम मारणे नसून जमाव थांबवणे असेल. तो खेळ दोन तासांत संपला तरी चालेल. तासांचा हिशेब करणारे जगात पुष्कळ आहेत. माराचा हिशेब मागणारे आपल्यातून उभे राहिले पाहिजेत.

जय भीम!